टॉवेलाखालचे बहात्तर

एजंट खोतांनी फोन टीपॉयवर उभा केला, मागून त्याला बिस्किटाच्या डब्याचा टेकू दिला आणि म्हणाले, "असू दे तिथंच. बॅटरी गरम झालीया, जरा वारं लागू दे."

फोनला वारं लागावं म्हणून कुणी त्याचं तोंड घरमालकाकडं करून ठेवत नाही, एवढं दहावीतल्या प्रणोती मगदूमला कळायला हवं होतं. विज्ञानात तिला पंचाण्णव होते. पण त्या रविवारी सकाळी ती स्वतःवरच इतकी खूश होती, की फोनचे तीन डोळे तिच्या वडलांच्या, आण्णांच्या, गालांवर रोखलेले तिला दिसलेच नाहीत.

खूश असायला कारणही होतं. घर विकायचं ठरल्यापासूनची सगळी पळापळ तिनं एकटीनं केली होती. दीड वर्षापूर्वी हीच मुलगी वर्गात हजेरी देतानासुद्धा बाकाकडं बघून द्यायची. मग आण्णा पडले, आई दोन पाळ्यांत कामाला जायला लागली, आणि दवाखान्याच्या खिडकीपासून वीजबिलाच्या तक्रारीपर्यंत बोलायला घरात एकच माणूस उरलं. बोलावं लागलं म्हणून ती बोलली. बोलल्यानं कुणी आपल्याला खात नाही हे एकदा कळल्यावर मात्र तिला थांबवणं अवघड होऊन बसलं. खोतांच्या एजन्सीचा फॉर्मही तिनंच भरला होता. अठ्ठेचाळीस रकाने, सोळा ठिकाणी 'मान्य'ची खूण, आणि वेळ लागला फक्त चार मिनिटं. आण्णांनी सही केली तेव्हा ती म्हणाली होती, "वाचायचं काही नाही हो त्यात. सगळीकडं सारखंच असतं."

त्या सोळा खुणांतली अकरावी तिनं वाचली नव्हती.

"तर आण्णा," खोत चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचत म्हणाले, "गावात भाव काय चाललाय म्हाईत आहे न्हवं? परवा पलीकडच्या गल्लीत एक पंच्याऐंशीला गेलं. लिफ्ट होती त्याला. तुमचं तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. ऐंशी म्हणू या? बरं, पंच्याहत्तर. सत्तरला तर कोणपण तयार होईल. न्हाईच जमलं तर पासष्ट. अगदीच अडलं तर एकसष्ट, साठ."

जिना उतरावा तसे ते एकेक आकडा उतरत गेले. आण्णा चाकाच्या खुर्चीत बसून नुसते ऐकत होते. आई म्हणाली, "ऐंशीच्या खाली आम्ही द्यायचं नाही." खोत म्हणाले, "द्यायचंच न्हाई वैनी." मग त्यांनी फोन उचलला, त्यावर एक नजर टाकली, चहा संपवला आणि ते गेले.

मंगळवारी निरोप आला. पार्टी तयार आहे. जुळी मुलं असलेलं तरुण जोडपं आहे, घरात उजेड भरपूर म्हणून आवडलंय. भाव साठ लाख. वाढवून मिळणार नाही.

साठ लाखांत काय होत नव्हतं, ते आधी सांगायला हवं.

प्रणोतीचे आण्णा, म्हणजे बाळगोंडा मगदूम, सांगलीच्या हळदीच्या पेठेत अठ्ठावीस वर्षं तोलार होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, वजन मोठ्यानं पुकारायचं, आणि दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवायचा, असं ते काम. चौदा महिन्यांपूर्वी पोत्यांची थप्पी सरकली आणि आण्णा वरून खाली आले. जीव वाचला, पाय गेले. घर तिसऱ्या मजल्यावर. चोपन्न पायऱ्या. दवाखान्यात जायचं तर चार माणसांनी खुर्चीसकट उचलून न्यायचं. सुरुवातीला आण्णा संध्याकाळी खाली बसायलाही जायचे. मग ते म्हणायला लागले, आज नको, आज ऊन आहे, आज वारं आहे, रोज उठून लोकांना कशाला त्रास. गेले पाच महिने दवाखाना सोडला तर ते उंबऱ्याबाहेर गेले नव्हते.

हरिपूरला तळमजल्याची दोन खोल्यांची बैठी जागा आईनं शोधून काढली होती. समोर अंगण, अंगणाला फाटक, आणि फाटकातून सरळ रस्ता. साठवलेले पैसे धरून हिशेब केला तर हे घर किमान बहात्तरला जायला हवं होतं. एकाहत्तरला गेलं तर हरिपूर नाही. आणि हरिपूरचा मालक पुढच्या महिनाअखेरीपर्यंतच थांबणार होता.

आईनं खोतांना चार फोन केले. पंच्याहत्तर म्हणून पाहिलं, रागावून पाहिलं, दुसरा एजंट बघते म्हणून पाहिलं. खोतांचा आवाज दर वेळी तितकाच गोड. "बघा की वैनी. पण तीन महिने घर आमच्याकडंच राहणार, तसा करार आहे."

"हा माणूस एवढा निवांत कसा?" आई म्हणाली. "जसं काही याला आपल्या पोटातलं माहीत आहे."

त्या वाक्यावर प्रणोतीनं तो करार काढला आणि पहिल्यांदाच, एकेक ओळ बोटाखाली धरून वाचला. अकरावी अट अशी होती: भेटीदरम्यान पारखी प्रणालीद्वारे चेहरा व आवाज यांची नोंद घेण्यास विक्रेत्याच्या कुटुंबाची संमती आहे.

*

पारखी ही काही जादू नव्हती. तिच्यामागचं विज्ञान प्रणोतीनं आठवीत असताना स्वतःच्या हातानं करून पाहिलं होतं.

फोनच्या टॉर्चवर बोट ठेवलं की बोट लाल दिसतं. नीट बघितलं तर ते लाल सारखं राहत नाही. दर ठोक्याला कातडीखाली रक्त येतं आणि ओसरतं, तसा रंग किंचित गडद आणि किंचित फिका होतो. शाळेच्या प्रदर्शनात तिनं त्यावरून नाडी मोजून दाखवली होती आणि तिसरा नंबर पटकावला होता. चेहऱ्याच्या कातडीतही हेच चालू असतं. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, चांगल्या कॅमेऱ्याला दिसतं. माणूस मनातून दचकला की गालांतलं रक्त आखडतं, हायसं वाटलं की पसरतं. त्यात डोळ्यांच्या बाहुल्या आणि आवाजातला बारीक थरथराट मिळवला, आणि एजंटानं सहज म्हणून आकडे उतरवत नेले, तर प्रत्येक आकड्याला माणूस आतून काय म्हणाला ते ओळीनं उमटत जातं. वरच्या आकड्यांना आशा, मग धाकधूक, मग एका आकड्याखाली दुखणं सुरू होतं. त्या दुखण्याच्या अगदी वरची पायरी, तोच माणसाचा खरा शेवटचा आकडा. तोंडानं तो कितीही ऐंशी म्हणू दे.

दोन हजार एकोणचाळीस साली गावातल्या सगळ्याच एजंटांकडं हे आलं होतं, आणि त्याचे परिणाम प्रणोतीला आता एकेक करून आठवायला लागले. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई घर दाखवताना गॉगल आणि स्कार्फ बांधून का बसल्या होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं भाव ठरवायला स्वतः न जाता, काहीच माहीत नसलेल्या मेहुण्याला का पाठवलं होतं. कुणाचंच घर त्याच्या शेवटच्या आकड्यापेक्षा एक रुपया जास्तीला जात नव्हतं. घेणारा जेवढे वाचवेल त्यातला दहावा हिस्सा एजंटाला मिळायचा, मग तो कशाला जास्ती देऊ देईल?

बरं, कायद्यात एक खिडकी होती. ज्याची नोंद घेतली, त्याला ती मागता यायची. प्रणोतीनं मागितली. दोन दिवसांनी फोनवर एक पान आलं. तीन नावं, तीन नागमोडी रेघा, आणि रेघांच्या शेवटी तीन आकडे.

सुनंदा मगदूम, बहात्तर. प्रणोती मगदूम, बहात्तर.

बाळगोंडा मगदूम, एकसष्ट.

ती ते पान घेऊन स्वयंपाकघरात गेली. आईनं वाचलं, गॅस बंद केला, परत वाचलं.

"आण्णांना हिशेब माहीत नव्हता का?" प्रणोतीनं विचारलं.

"माहीत नसायला काय झालं? हिशेब त्यांनीच मांडून दिला होता." आई हळू आवाजात म्हणाली. मग तिनं आवाज आणखी खाली आणला. "खोत रविवारी परत येणार आहेत. तेव्हा ह्यांना आतल्या खोलीत बसवू या. कंबर दुखते म्हणून सांगू. आणि आकड्याचं ह्यांच्यासमोर बोलायचंच नाही. ज्याला माहीत नाही त्याच्या तोंडावर काय दिसणार?"

प्रणोतीनं मान डोलावली. मान डोलावताना तिला वाटलं, आपण तिघं एका ताटात जेवणारी माणसं, आणि आता एकमेकांपासून तोंडं लपवायला लागलो. दीड-दोनशे ग्रॅमच्या एका फोनमुळं.

"कंबर दुखत न्हाई माझी," आण्णा म्हणाले.

खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात होती. चाकांना तेल प्रणोतीनंच घातलं होतं, त्यामुळं आवाज आलाच नव्हता.

आण्णांनी हात पुढं केला. तिनं पान दिलं. त्यांनी ते, पूर्वी वजनाची चिठ्ठी वाचायचे तसं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

"खोटं न्हाई सांगत यंत्र," ते म्हणाले.

"अहो, पण एकसष्टमध्ये हरिपूर होतंय का?" आई म्हणाली.

"होत न्हाई. एकसष्टमध्ये लिफ्टचं भाड्याचं होतंय आणि वर पनूच्या कॉलेजला शिल्लक राहतंय. हे बघ, हरिपूर कुणासाठी? माझ्यासाठी. अंगण कुणाला? मला. चौदा महिने चार-चार माणसं मला पोत्यागत वर-खाली करत्यात." त्यांनी पानाची घडी घातली. "अठ्ठावीस वर्षं पोती तोलली मी. कुठल्या पोत्याला काय भाव, एवढं मला कळतं."

आईनं पदर तोंडाला लावला. प्रणोती जाऊन खुर्चीशेजारी फरशीवर बसली आणि तिनं आण्णांच्या मांडीवरच्या शालीखाली हात घातला. आण्णांनी तो धरला. मग सवयीनं तिची तीन बोटं दाबली, थांबले, मग एक दाबलं.

एकतीस. ती न बघता ओळखू शकत होती. ती पाच वर्षांची असल्यापासूनचा खेळ होता हा. पाहुणे आले की चटईवर बसून, शालीखाली तिची बोटं दाबून आण्णा विचारायचे: यांना पोळ्या किती? आधी दशक, मग एकक. पंजा धरला तर पाच, त्यावर परत दोन धरली तर सात, मूठ वळली तर शून्य. आणि आख्खा हात घट्ट आवळला की पक्कं. पाहुण्यांना कळायचं नाही आणि ती हसू दाबून दाबून लाल व्हायची.

"एकतीस काय?" तिनं विचारलं.

"आज तारीख एकतीस. काही न्हाई, असंच."

"आण्णा, पेठेत सौदे असेच व्हायचे ना? टॉवेलाखाली?"

"माझ्या तरुणपणापर्यंत व्हायचे. घेणारा अन् देणारा टॉवेलाखाली हात धरायचे. भोवती पन्नास माणसं उभी, पण भाव काय चाललाय ते दोघांनाच ठाऊक. एकाचा आकडा फुटला की बाकीचे तेवढ्यावरच अडून बसतात, म्हणून."

प्रणोतीच्या डोक्यात टॉर्चवरचं ते लाल बोट परत एकदा उजळलं. ती एकदम ताठ बसली.

"पारखीला आपला चेहरा दिसतो. पण चेहरा कशाला दचकला, ते तिला कसं कळतं? खोतकाका आकडा मोठ्यानं बोलतात म्हणून. आकडा ऐकूच आला नाही तर तिच्याकडं राहणार नुसत्या रेघा. उत्तरं सगळी, प्रश्न एकही नाही."

आण्णा म्हणाले, "पण हात माझा. आकडा परत मीच ठरवणार. आणि माझा आकडा तुम्ही बघितलाच."

"पेठेत तुमचा एक नियम होता," आई म्हणाली. पदर आता खाली आला होता. "आपल्या शेतातली हळद पेठेत आली की तुम्ही काट्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या तोलाराला बोलवायचा. का?"

"तोलारानं स्वतःचा माल स्वतः तोलायचा न्हाई म्हणून."

"मग?"

प्रणोतीनं त्यांचा दुसरा हात ओढून घेतला. "उजवा हात खोतकाकांना. डावा मला. ते दाबतील ते तुम्ही मला दाबायचं, मी दाबेन ते तुम्ही त्यांना. काटा माझ्याकडं."

*

रविवारी खोत आले, फोन उभा केला, मागं डबा लावला. आण्णा बाहेरच्या खोलीत, समोरासमोर. मांडीवर पेठेतला तो जुना पांढरा टॉवेल, हळदीचे डाग कधीच न गेलेला. शेजारी पाटावर प्रणोती.

"काका, फोन आतून तापलाय का बाहेरून?" तिनं विचारलं.

खोत हसले, पण जरा कमी. "नोंद मागवलीस म्हणं तू."

"मागवली. फोन असू दे. आम्ही मान्य केलंय, चूक माझी आहे. पण भाव तोंडानंच बोलायचा असं त्या करारात कुठं लिहिलेलं नाही. सगळा वाचला मी या वेळी."

आण्णांनी टॉवेल उलगडला आणि उजवा हात त्याच्याखाली घालून पुढं केला. "या खोतसाहेब. तुमच्या वडलांबरोबर मी असे दोन-तीनदा बसलोय. हळद घ्यायचे तुमचे वडील. हात लई मऊ, पण भाव सोडायचे न्हाईत."

खोतांची नजर टॉवेलावर खिळली. डागांवर. त्यांचे ओठ एकदा हलले. "लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसायचो," ते म्हणाले. "टॉवेलाखाली काय चाललंय ते दिसायचं न्हाई म्हणून रडायचो. मग घरी आल्यावर शिकवलं त्यांनी." आणि मग, कुणाशी तरी भांडण हरल्यासारखे, ते पुढं सरकले आणि त्यांनी हात टॉवेलाखाली घातला.

खाली रस्त्यावर भाजीवाला मेथी-मेथी करत गेला.

आण्णांचा डावा हात प्रणोतीच्या हातात हलला. पंजा आणि एक. मूठ. साठ.

तिनं पंजा आणि तीन दिले. मूठ. ऐंशी.

खोत नाकातून हसले. बासष्ट. तिनं अठ्ठ्याहत्तर दिले. पासष्ट. तिनं अठ्ठ्याहत्तरच परत दिले. खोतांनी फोनकडं बघितलं. तिथं आण्णांची रेघ चांगली वर-खाली नाचत होती, पण कशासाठी नाचतेय ते तिच्याखाली लिहिलेलं नव्हतं. आकड्याची जागा रिकामी होती, आणि गेल्या वेळचा एकसष्ट आज खरा धरावा का, तेही कळायला मार्ग नव्हता. पासष्टला नाचली की अठ्ठ्याहत्तरला? की भाजीवाल्याच्या मेथीला?

"काय चाललंय मला कुणी सांगेल का?" आई दारातून म्हणाली. "माझं पण घर आहे हे."

"थांब गं," आण्णा म्हणाले. गेल्या चौदा महिन्यांत एवढ्या रुबाबात ते आईला 'थांब गं' म्हणाले नव्हते.

अडुसष्ट. शहात्तर. सत्तर. आण्णांना वाटलं असतं तर ते सत्तरलाच, एकसष्टलाही, उजवा हात आवळून मोकळे झाले असते. तिला कळलंसुद्धा नसतं. पण ते इमानानं प्रत्येक आकडा तिच्याकडं आणत होते, वजन पुकारल्यासारखा, ना एक कमी ना एक जास्त. तिनं पंच्याहत्तर दिले.

पंजा आणि दोन. दोन.

बहात्तर. तिच्या डोळ्यांसमोर अंगण आलं, फाटक आलं. तिनं आण्णांचा आख्खा हात घट्ट आवळला. पक्कं.

आण्णांचा उजवा हात हललाच नाही.

तिला वाटलं, कळलं नसेल. तिनं परत आवळला. आण्णा समोर बघत होते, खोतांच्या डोक्यावरून, भिंतीकडं. मग तिच्या तळहातावर सावकाश आकडा उमटला. पंजा आणि दोन. पंजा आणि एक. शहात्तर. आणि तिच्या उत्तरासाठी ते थांबले.

चुकलेत, असं तिला आधी वाटलं. तिनं मान वळवून बघितलं. आण्णांचे खांदे मागं गेले होते, हनुवटी वर. काट्याशेजारी उभे राहायचे तेव्हा ते असेच दिसायचे. लहानपणी डबा घेऊन पेठेत गेलं की लांबूनच ओळखू यायचे. ती काहीही न कळता, नुसती त्या चेहऱ्यावर विसंबून, परत एकदा हात आवळून मोकळी झाली.

शहात्तर टॉवेलाखालून पलीकडं गेले. खोतांनी फोनकडं बघितलंच नाही या वेळी, आण्णांकडं बघितलं. मग टॉवेल हलला.

चौऱ्याहत्तर. आण्णांनी तो आकडा मुलीकडं आणला आणि थांबले. काटा तिच्याकडं होता.

तिनं आवळला. आण्णांनी आवळला.

खोतांनी टॉवेल बाजूला केला. दोन्ही हात अजून एकमेकांत होते. "चौऱ्याहत्तर," ते आईकडं बघून म्हणाले, आणि आई दारातच खाली बसली.

"पार्टीनं मला पंच्याहत्तरपर्यंत सांगितलं होतं," खोत म्हणाले. "एक तेवढा राहिला. मला तोंड दाखवायला." मग त्यांनी स्वतःचा तळहात उलटापालटा करून बघितला. "वीस वर्षांत सौद्यात कुणाचा हात धरला न्हाई, आण्णा. सगळं स्क्रीनवर."

आईनं गूळ आणला. खोतांनी मोठा खडा उचलला, फोन खिशात घातला आणि जाताना प्रणोतीच्या डोक्यावर टपली मारली. "पुढच्या वेळी अकरावी अट आधी वाचत जा गं बाई. आमच्या धंद्याचं वाटोळं होतंय."

दार लागल्यावर प्रणोती आण्णांसमोर जाऊन उभी राहिली. "बहात्तरला मी पक्कं म्हणाले होते. थांबलात का?"

"हात सैल होता त्याचा. ज्याच्याकडं अजून द्यायला असतं त्याची बोटं सैल असतात, संपत आलं की ताठतात. हे तुझ्या त्या पारखीच्या आधीपासनं कळतंय आम्हाला."

"पण आपल्याला बहात्तरच हवे होते."

आण्णा टॉवेलाची घडी घालायला लागले. हळूहळू, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "बहात्तर घराचे. दोन रॅम्पचे अन् कठड्याचे. नुसतं तळमजल्यावर बसून काय करू? मला फाटकापर्यंत जायचंय. एकट्याला."

आईनं डोळे पुसले आणि उगीचच म्हणाली, "बघा. म्हणजे स्वतःपुरतं मागता येतं तुम्हाला."

*

घर सोडायच्या दिवशी आण्णांना शेवटचं खाली न्यायला चार माणसं लागणार होती, तर आली अकरा. सगळ्यांत पुढं दुसऱ्या मजल्यावरचे मुजावरकाका, जे गेले चौदा महिने खुर्चीची मागची डावी बाजू कुणाला धरू देत नव्हते.

"आण्णा, तुम्ही चालला, आता आमच्या व्यायामाचं काय?" ते म्हणाले. "माझं पोट बघा. तुमच्याच जिवावर एवढं आत आहे."

प्रणोती मागं राहिली होती. रिकाम्या खोल्यांतून एकदा फिरली. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या खुणा होत्या, पाच वर्षांपासून पंधरापर्यंत. तिनं चौकटीला हात लावला आणि नमस्कार केला, जसा आई तुळशीला करते तसा, घाईघाईनं पण मनापासून. चोपन्न पायऱ्या उतरताना तिनं पहिल्यांदाच त्या मोजल्या नाहीत.

रॅम्प व्हायला पंधरा दिवस लागले. गवंड्यानं उतार जरा जास्तच दिला होता, तो आण्णांनी दोनदा मोडून परत करून घेतला, तोलाराच्या काटेकोरपणानं. आणि पहिल्या रविवारी, ऊन बऱ्यापैकी असताना, वारंही असताना, आण्णांनी दोन्ही हातांनी चाकं धरली आणि खुर्ची अंगणात उतरवली. फाटकापर्यंत गेले. कडी काढली, परत लावली, परत काढली. प्रणोतीचे हात मदतीला शिवशिवत होते, म्हणून तिनं ते फ्रॉकच्या खिशात कोंबून ठेवले.

"पनू," आण्णांनी हाक मारली, "हितं ये."

ती गेली. त्यांनी तिचा हात धरला, खांद्यावरचा टॉवेल त्यावर टाकला. रस्त्यावरून दोन सायकली गेल्या. टॉवेलाखाली बोटं हलली. दोन. मग परत दोन.

"बावीस? काय बावीस?"

"पुढच्या रविवारी जेवायला. चौदा महिन्यांत ज्यांनी ज्यांनी खुर्चीला हात लावला ते. एकदाच लावलेला गॅसवालापण धरलाय."

ती मनात मोजायला लागली. मुजावरकाका, त्यांचे दोन भाऊ, तळमजल्यावरचे चौघं, पेठेतले हमाल सहा. बोटं संपली, परत सुरू केली. "एकवीस होतात, आण्णा. बाविसावा कोण?"

"खोत."

"त्यांनी कधी उचललं तुम्हाला?"

आण्णांनी कडी लावली आणि खुर्ची घराकडं वळवली. "तो फोन घेऊन आला नसता तर मी स्वतःला कितीला काढलं होतं, ते तुला कळलं असतं का? आणि मला?"

घरातून आईचा आवाज आला. "काय कुजबुजताय दोघं? माणसं किती धरायची ते सांगा, मला तांदूळ निवडायचेत."

"बावीस," प्रणोती ओरडली, "आणि आपण तिघं." आणि आण्णा रॅम्पवर चढायला लागले तेव्हा ती त्यांच्या शेजारून, हात खिशात तसेच ठेवून, एकेक पाऊल चालत राहिली.